सकाळची डोकेदुखी: ड्युशेनचा तरुण, कोविडची दुसरी लाट आणि चोपड्याकडचं एक घर

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधांचे डोस आणि यंत्राचे आकडे या एका रुग्णाचे, त्याच्या डॉक्टरांनी त्याच्यासाठी ठरवलेले आहेत. ते दुसऱ्यासाठी जसेच्या तसे वापरू नयेत.

पार्श्वभूमी

चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावातलं हे कुटुंब. साडेतीन एकर जमीन, त्यात थोडी केळी, बाकी कपाशी. घरात आई, आबा, आजी, धाकटे काका-काकू आणि ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेला मुलगा. या आजारात डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन तयार होत नाही, त्यामुळे स्नायू हळूहळू झिजतात. आधी पाय, मग हात, मग श्वासाचे आणि हृदयाचे स्नायू. निदान सहाव्या वर्षी झालं, अकराव्या वर्षी चालणं थांबलं. मार्च २०२० मध्ये तो १७ वर्षांचा होता आणि बारावीची तयारी करत होता. वजन ३६ किलो, पाठीला बाक. रोज डेफ्लॅझाकोर्ट हे स्टेरॉइड २४ मिग्रॅ आणि हृदयासाठी एनालाप्रिल.

नोव्हेंबर २०१९ च्या तपासणीत त्याची एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन सोडता येणारी हवा, अपेक्षित मापाच्या ४१ टक्के होती. खोकल्याचा वेग मिनिटाला १९० लिटर भरला. हा वेग २७० च्या खाली गेला की साध्या सर्दीतही कफ अडकू शकतो आणि खोकायला मदत लागते. १६० च्या खाली खोकला जवळपास निरुपयोगी होतो. डॉक्टरांनी एप्रिल २०२० मध्ये मुंबईला झोपेतल्या श्वासाची तपासणी ठरवली होती. २५ मार्चला देश बंद झाला आणि ती तारीख गेली.

पहिली अडचण: गोळ्या अकरा दिवसांच्या

टाळेबंदीच्या दिवशी घरात डेफ्लॅझाकोर्टच्या गोळ्या अकरा दिवस पुरतील एवढ्याच होत्या. ती जळगावच्या एका दुकानातून यायची, गावात किंवा तालुक्याला ठेवत नसत. त्यातच नातेवाइकांत एक सल्ला फिरत होता: स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते, तेव्हा साथ जाईपर्यंत बंद ठेवा. आबांना तो पटला होता.

इथे गोळी बंद झाली असती, तर कोरोना न होताही हा मुलगा दगावू शकला असता. वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं जवळपास थांबवतात. औषध अचानक तुटलं की उलट्या, गळून जाणं, रक्तदाब आणि साखर घसरणं, ग्लानी. बाहेरून हे ऊन लागल्यासारखं दिसतं आणि एप्रिलच्या खान्देशात तसंच समजलं जातं.

पर्याय तीन होते. पास काढून जळगाव गाठणं, डोस अर्धा करून गोळ्या पुरवणं, किंवा तालुक्याला मिळणारं दुसरं स्टेरॉइड घेणं. योगायोगाने २५ मार्च २०२० लाच केंद्र सरकारने दूरवैद्यकाची नियमावली जाहीर केली होती, त्यामुळे व्हिडिओवर तपासून डॉक्टरांनी पाठवलेली चिठ्ठी दुकानदाराला चालत होती. डॉक्टरांनी डेफ्लॅझाकोर्ट २४ मिग्रॅच्या जागी प्रेडनिसोलोन २० मिग्रॅ लिहिलं. ढोबळ हिशेब असा, की ६ मिग्रॅ डेफ्लॅझाकोर्टची जागा ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन घेतं. ते जुनं, स्वस्त औषध आहे आणि तालुक्याच्या कुठल्याही दुकानात असतं. दोन महिन्यांनी मूळ गोळी पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून घरात किमान ४५ दिवसांचा साठा राहतो, आणि नवी पाकिटं मागे, जुनी पुढे लावली जातात.

दुसरी अडचण: रात्र

ही गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सहा महिने चालली आणि तरीही निसटली.

मे २०२० पासून मुलगा सकाळी म्हणायचा, "सकायले डोकं भलतं दुखस." उठल्यावर तासाभरात ते थांबायचं. घरच्यांनी आधी उकाड्याला, मग मोबाइलवरच्या ऑनलाइन वर्गांना दोष दिला. रात्री कुशीवर वळवण्यासाठी तो आईला एरवी दोनदा उठवायचा, आता सहा-सात वेळा. दुपारी वर्ग चालू असताना पेंगायचा. कळण्याची भाकरी आवडीने खाणारा मुलगा दोन घासांत ताट सरकवू लागला. वजन ३६ वरून ३२ वर आलं.

साथीमुळे घरात ऑक्सिमीटर आलेला होता. दिवसा आकडा ९६-९७ दाखवायचा, आणि त्या आकड्याने सगळे निर्धास्त राहिले. या आजारात फुप्फुसं बहुतेक वेळा चांगली असतात. हवा आत-बाहेर करणारा भाता दमतो. भाता दमला की आधी कार्बन डायऑक्साइड साचतो, तोही रात्री, स्वप्नं पडतात त्या झोपेत, जेव्हा श्वासाचं काम बहुतांश छातीच्या पडद्यावर येऊन पडतं. जागेपणीचा ऑक्सिजन फार उशिरा खाली येतो. साचलेल्या वायूने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि सकाळी डोकं दुखतं. धापही लागलेली दिसत नाही, कारण धापा टाकायलाही स्नायू लागतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये व्हिडिओवर डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं तेव्हा ही साखळी जुळली. मुंबईला जाणं अजूनही अवघड होतं. म्हणून दोन साध्या तपासण्या ठरल्या. तालुक्याच्या लॅबमध्ये सकाळच्या रक्तातलं बायकार्बोनेट: ते ३२ आलं. साधारण २७-२८ च्या वर गेलं, की शरीर बरेच दिवस साचलेल्या कार्बन डायऑक्साइडला तोंड देत असल्याचा संशय घ्यायचा. दुसरी, कुरियरने मागवलेला नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर रात्रभर बोटाला लावणं. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान आकडा वारंवार ८२ पर्यंत घसरत होता. निदानाला एवढं पुरेसं होतं.

यंत्र कोणतं, आणि वीज कुठून

रात्री मास्कवाटे दाबाने श्वास देणारं बायपॅप यंत्र घ्यायचं ठरलं. पहिल्या विक्रेत्याने सीपॅप दाखवलं. ते घोरण्याच्या आजाराचं यंत्र. एकच दाब सतत देतं, दमलेल्या भात्याला त्याने मदत होत नाही. दुसऱ्याने बायपॅप दाखवलं, पण त्यात एसटी मोड नव्हता. या रुग्णांना तो लागतोच, कारण झोपेत श्वास इतका क्षीण होतो की यंत्राला तो जाणवत नाही. मग यंत्राने ठरलेल्या गतीने स्वतःहून श्वास द्यावा लागतो. तिसऱ्या ठिकाणी योग्य यंत्र मिळालं, कापसाच्या वेचणीचे ५२ हजार त्यात गेले.

सुरुवात आत घेण्याचा दाब ८, सोडण्याचा ४ अशी झाली, दहा दिवसांत १६ आणि ४ वर नेला. राखीव गती मिनिटाला १६. पहिले चार दिवस दुपारी टीव्हीसमोर वीस-वीस मिनिटं मास्क, मग रात्री दोन तास, मग पूर्ण रात्र. नाकाच्या हाडावर लाल डाग पडला तेव्हा काकूने मास्कचे पट्टे आणखी आवळले. सगळेच असं करतात, आणि त्याने जखम होते. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत एवढी ढील ठेवून तिथे पातळ पट्टी लावल्यावर डाग गेला. तिसऱ्या आठवड्यात सकाळची डोकेदुखी थांबली.

विजेचा हिशेब मात्र नीट मांडावा लागला. यंत्र पाणी तापवण्याची सोय बंद ठेवून सुमारे ५० वॅट घेतं. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो, उरले ७२०. म्हणजे चौदा तास. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घेतला, स्क्वेअर वेव्हवर अशी यंत्रं गरम होतात किंवा बंद पडतात.

एवढं करूनही मार्च २०२१ च्या एका रात्री अडीच वाजता यंत्र बंद पडलं. उकाडा वाढला म्हणून कूलर त्याच इन्व्हर्टरच्या वायरीवर टाकला होता. कूलरचे १८० वॅट धरले की चौदा तासांचे तीन होतात. कूलर वेगळा केला, पण खोलीत तो चालू ठेवणंही गरजेचं होतं, कारण अशी बरीच यंत्रं ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात आणि इथल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीचं तापमान रात्रीही त्याच्या आसपास राहतं. शेवटी खाट धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या खोलीत हलवली. बॅटरीतलं डिस्टिल्ड पाणी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहायचं हेही ठरलं.

खोकल्यासाठी लाखोंचं यंत्र परवडणारं नव्हतं. एकदिशा झडप लावलेली अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून हवा भरायची पिशवी, आणली. तोंडात नळी धरून एकावर एक तीन श्वास भरायचे, रोखायचे, आणि खोकताना दुसऱ्याने पोटावर बरगड्यांच्या खाली तळहाताने आत-वर दाब द्यायचा. सकाळ-संध्याकाळ चार-पाच वेळा, जेवणाआधी. या बॅगेवर ठळक अक्षरात लिहून ठेवलं: "श्वास साठवण्यासाठी. जीव वाचवताना वापरू नये." झडपेमुळे तिच्यातून श्वास बाहेर येत नाही, आणि धावपळीत कोणीही ती उचलू शकतं.

तिसरी अडचण: एप्रिल २०२१

१२ एप्रिलला काकांना आणि मुलाला एकाच दिवशी ताप आला. मुलगा नुकताच १८ वर्षांचा झाला होता. दुसऱ्या दिवशी दोघांची अँटिजन पॉझिटिव्ह आली. फोनवरून घरी राहणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला होता: सहा मिनिटं चाला आणि ऑक्सिजन मोजा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी त्याचा उपयोग नव्हता. पालथं झोपण्याचा सल्लाही तसाच, पाठीच्या बाकामुळे आणि आखडलेल्या गुडघ्यांमुळे तो पालथा होऊच शकत नव्हता. उश्या लावून दर दोन तासांनी अर्धं कुशीवर, एवढंच जमत होतं.

चालण्याच्या जागी डॉक्टरांनी दुसरं माप दिलं. खोल श्वास घ्यायचा आणि एका दमात, एका लयीत आकडे मोजायचे. बरा असताना तो १६ पर्यंत जायचा, हे जानेवारीतच वहीत लिहिलेलं होतं. तीच नोंद आता कामी आली.

चौथ्या दिवशी उलट्या झाल्या आणि स्टेरॉइडची गोळी पोटात टिकली नाही. गोळी टिकत असती तर तिचा डोस आजाराच्या ताणालाही बऱ्यापैकी पुरला असता. इथे प्रश्न गोळी बाहेर पडण्याचा होता. कुटुंबाकडे लेखी सूचना होती: दोनदा उलटी झाली की हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं १०० मिग्रॅचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने ते दिलं. तासाभरात तो बोलू लागला.

सहाव्या दिवशी ऑक्सिजन ९१, आणि एका दमातली मोजणी ७ वर. आता घरी थांबण्यात अर्थ नव्हता.

निर्णयाची रात्र

तालुक्याच्या कोविड केंद्रात ऑक्सिजनचे बेड होते. नाकाला नळी लावून मिनिटाला ५ लिटर सुरू झाला. आकडा ९८ वर गेला, सगळ्यांना हायसं वाटलं. घरून आणलेलं बायपॅप पिशवीतच राहिलं, कारण त्याने विषाणू हवेत पसरेल अशी तिथल्या कर्मचाऱ्यांना भीती होती. दोन तासांत मुलगा हाकेला ओ देईनासा झाला. आकडा ९८ च होता.

भाता दमलेला असताना नुसता ऑक्सिजन दिला की आकडा सुधारतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. उलट, श्वास घेण्याची उरलीसुरली प्रेरणाही मंदावू शकते. त्या महिन्यात केंद्रात आलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाला ऑक्सिजनच हवा होता, म्हणून या एकाला दुसरंच काही हवंय हे लक्षात येणं कठीण होतं. काकांनी फाइलमधलं पत्र तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर धरलं. एका पानाचं ते पत्र होतं. त्यात लिहिलं होतं: दाबाशिवाय ऑक्सिजन देऊ नका. स्टेरॉइड थांबवू नका. भूल द्यावी लागली तर सक्सिनिलकोलिन आणि हुंगवायची भूल टाळा. यकृताच्या तपासणीतले एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंमुळे कायमच वाढलेले आहेत, यकृताचा आजार समजू नका. क्रिएटिनिन कमी असतं, त्यावरून मूत्रपिंड चांगलं आहे असं धरू नका. खाली डॉक्टरांचा नंबर. अधिकाऱ्याने रात्री पावणेबाराला फोन लावला.

पुढे जे झालं त्याचं श्रेय त्या अधिकाऱ्याला. त्याने मुलाला खिडकी असलेल्या कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं, पंखा बाहेरच्या दिशेने वळवला, कर्मचाऱ्यांना एन-९५ घालून आत येण्याचा नियम केला आणि बायपॅप लावलं. टी-जोडणीने नळीत मिनिटाला फक्त २ लिटर ऑक्सिजन सोडला, लक्ष्य ८८ ते ९२. चाळीस मिनिटांत मुलाने डोळे उघडले. ५ च्या जागी २ लिटर लागतोय, हे ऑक्सिजनच्या टंचाईच्या त्या दिवसांत तिथल्या लोकांना लगेच पटलं.

विषाणू पसरण्याच्या भीतीबद्दल थोडं. ती निराधार नव्हती. बायपॅपच्या साध्या मास्कला हवा सोडणारी भोकं असतात आणि रुग्णाचा उच्छ्वास तिथूनच बाहेर येतो. यंत्राच्या तोंडाशी फिल्टर लावून त्यावर काही फरक पडत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तोच लावला जात होता. योग्य जुळणी अशी: बिनभोकाचा, नाक-तोंड झाकणारा मास्क, त्याला लागून विषाणू-फिल्टर, त्यानंतर हवा सोडणारी जोडणी, मग नळी. हे क्रम बदलून लावलं तर एक तर विषाणू बाहेर जातो किंवा उच्छ्वास अडकतो. हा मास्क दुसऱ्या दिवशी जळगावहून आला.

तोवर मुलाला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवायचं ठरलं होतं. धमनीतल्या रक्तवायूंची तपासणी तालुक्याला नव्हती, आणि व्हेंटिलेटरसाठी श्वासनळीत नळी टाकायची वेळ आली तर ती तिथे येऊ नये. १०८ च्या रुग्णवाहिकेत यंत्र आधी प्लगला लावून पाच मिनिटं चालवून पाहिलं, मगच त्याला उचललं. रस्ता दीड तासाचा.

कोविड वॉर्डात नातेवाइकाला मनाई होती. पण ज्याला कूस बदलता येत नाही, घंटी दाबता येत नाही, स्वतःचा मास्क सारखा करता येत नाही, तो तिथे एकटा राहूच शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या आठव्या कलमात आपत्तीतही समान संरक्षणाचा हक्क आहे, आणि कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्यावर वाद घालायला वेळ नव्हता. तोड व्यवहारातून निघाली: काका स्वतः पॉझिटिव्ह होते, त्यांना शेजारच्या खाटेवर रुग्ण म्हणून दाखल केलं. नाही तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

दाखल झाल्याच्या दुसऱ्या रात्री एका डॉक्टरांनी काकांना कॉरिडॉरमध्ये विचारलं, गरज पडली तर व्हेंटिलेटरवर घ्यायचं का, मूळ आजारच असा आहे. काका गप्प राहिले. खाटेवर मास्कआड मुलगा जागा होता. त्याने मान हलवून मास्क काढायला लावला आणि म्हणाला, "आधी माले इचारा." तो १८ वर्षांचा, शुद्धीवर असलेला माणूस होता. त्याने हो सांगितलं. नळी टाकण्याची वेळ आली नाही.

परिणाम

बारा दिवसांनी घरी. वॉर्डात डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड ६ मिग्रॅ चालू होतं, त्यामुळे मूळ गोळी थांबवली होती. डिस्चार्ज कार्डावर "स्टेरॉइड कोर्स पूर्ण, बंद" असं लिहिलेलं होतं. इतर रुग्णांसाठी ते बरोबर, याच्यासाठी घातक. आईने कार्ड वाचून फोन केला आणि त्याच संध्याकाळी डेफ्लॅझाकोर्ट २४ मिग्रॅ परत सुरू झालं. तीन आठवडे बायपॅप दुपारीही दोन तास लावावं लागलं. ऑगस्टमध्ये लसीचा पहिला डोस, परिचारिकेने रिक्षापाशी येऊन दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये एफव्हीसी ३४ टक्के भरली. आजार पुढे गेलेला आहे, पण सकाळी डोकं दुखत नाही आणि वजन ३५ किलो आहे.

काय वेगळं करता आलं असतं

बायकार्बोनेटची तपासणी जून २०२० मध्येच होऊ शकली असती. मुंबईची तारीख गेली तेव्हा "नंतर पाहू" याऐवजी "तोवर गावात काय करता येईल" हा प्रश्न विचारायला हवा होता. तो आम्ही, उपचार करणाऱ्यांनी, विचारायचा होता. कुटुंबाने नव्हे.

हृदयाची इको तपासणी २०१९ नंतर अडीच वर्षं झाली नाही. ती दरवर्षी व्हायला हवी होती. काही बिघडलं नाही हे नशीब.

मास्क लावणं आणि पोटावर दाब देऊन खोकला काढणं फक्त आईला आणि काकूला नीट येत होतं. वॉर्डात गेले काका. त्यांना आईने रात्री व्हिडिओवर शिकवलं. घरातल्या किमान तिघांना हे आधीच यायला हवं, आणि त्यातला एक पुरुष हवा, कारण वॉर्ड पुरुषांचा असतो.

पत्र फाइलच्या तळाशी होतं. ते दोन तास उशिरा वाचलं गेलं. आता त्याची एक प्रत लॅमिनेट करून खुर्चीच्या पाठीला बांधलेली आहे, दुसरी बायपॅपच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात. मराठी आणि इंग्रजी, दोन बाजूंना.

आणि व्हेंटिलेटरबद्दल त्याला आधी कोणीच विचारलं नव्हतं. तो विषय घरात काढायला सगळे घाबरत होते. जून २०२१ मध्ये डॉक्टरांसमोर तासभर बोलणं झालं, आणि पत्रात एक परिच्छेद वाढला. तो त्याने स्वतः फोनवर बोलून लिहून घेतला: नळी टाकायची वेळ आली तर टाका, काढता येईल अशी आशा असेपर्यंत ठेवा, गळ्याला भोक पाडण्याआधी मला शुद्धीवर आणून विचारा. दरवर्षी कपाशीच्या लागवडीआधी तो परिच्छेद पुन्हा वाचला जातो आणि त्याला बदलायचा असेल तर बदलतो. मे २०२२ मध्ये त्याने एक शब्दही बदलला नाही.